दहा मित्र, एक बिल आणि गोष्टीत न उघडलेले खिसे

दहा मित्रांच्या बिलाची ती गोष्ट मला आजवर पाच-सहा वेळा तरी आली असेल. दर वेळी पाठवणारा वेगळा आणि खालची ओळ मात्र तीच: करपद्धती समजून घ्यायची असेल तर एवढंच वाचा. पाठवणारी माणसं वाईट नाहीत. बहुतेकांचा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो आणि आपल्यावर अन्याय होतोय ही त्यांची भावना खरी आहे. म्हणूनच या गोष्टीला नीट उत्तर द्यावंसं वाटलं, कारण त्यांचा राग ती भलत्याच दिशेला वळवते.

गोष्ट थोडक्यात अशी. दहा मित्र रोज हॉटेलात एकत्र बसतात. बिल होतं १००. ते बिल ते आयकरासारखं वाटून घेतात. सर्वांत गरीब चौघे काहीच देत नाहीत. पाचवा १ देतो, सहावा ३, सातवा ७, आठवा १२, नववा १८ आणि सर्वांत श्रीमंत असलेला दहावा ५९. एक दिवस मालक खूश होऊन बिलात २० कमी करतो. नवी वाटणी ठरते: पाचव्याला माफी, सहाव्याला २, सातव्याला ५, आठव्याला ९, नवव्याला १४, दहाव्याला ४९. बाहेर पडल्यावर सहावा ओरडतो, मला एकच सुटला आणि त्याला दहा! पहिले चौघे म्हणतात, आम्हाला तर काहीच नाही. सगळे मिळून दहाव्याला बडवतात. दुसऱ्या दिवशी तो येत नाही आणि उरलेल्या नऊ जणांकडे निम्म्या बिलाचेही पैसे निघत नाहीत. यातून शिकायचं काय, तर श्रीमंतच सगळ्यांचा भार उचलतात, सवलत दिली की जास्त त्यांनाच मिळणार, आणि त्यांना छळलंत तर ते निघून जातील.

आधी दोन किरकोळ गोष्टी. या मजकुराखाली बहुधा डेव्हिड कॅमरशेन या अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांचं नाव असतं. ही गोष्ट आपण लिहिलेली नाही, हे त्यांनीच सांगून टाकलेलं आहे. दुसरं, मला आलेल्या मजकुरातली नवी वाटणी मी कागदावर मांडून पाहिली. २, ५, ९, १४ आणि ४९ यांची बेरीज ७९ होते, ८० नाही. चूक एकाची आहे, तिने युक्तिवाद पडत नाही. पण हिशेबाचा धडा म्हणून हजारो लोकांनी पुढे पाठवलेल्या मजकुरातली पाच आकड्यांची बेरीज कोणी करून पाहिली नाही, हे मला खुपलं.

"पहिले चौघे फुकट जेवतात"

गोष्टीतली सगळ्यात मोठी लबाडी इथे आहे. गोष्टीत बिल एकच आहे, आयकराचं. खऱ्या जगात प्रत्येक माणसापुढे रोज अनेक बिलं येतात आणि त्यातली बरीचशी माणसाचा खिसा न बघताच फाडली जातात.

वस्तू आणि सेवांवरचा कर घ्या. त्याचाच एक प्रकार असलेला मूल्यवर्धित कर (व्हॅट) फ्रान्सने १९५४ मध्ये सुरू केला आणि आज तो किंवा त्याच्याच जातीचा कर दीडशेहून जास्त देशांत आहे. दुकानात साबण घेणाऱ्याला तुझं उत्पन्न किती असं कोणी विचारत नाही. गरिबाची जवळजवळ सगळी कमाई खर्च होते, श्रीमंताची मोठी कमाई शिल्लक पडते, आणि हा कर फक्त खर्चावर बसतो. एक साधा हिशेब करू. खर्चातला दहावा भाग कराचा आहे असं धरा. एका घराची महिन्याची मिळकत २०,००० आणि तेवढाच खर्च. त्यांचा कर झाला २,०००, म्हणजे मिळकतीच्या १० टक्के. दुसऱ्या घराची मिळकत १०,००,००० आणि खर्च २,००,०००. त्यांचा कर २०,०००, म्हणजे मिळकतीच्या २ टक्के. रकमेत दुसऱ्या घराने दहापट कर भरला, पण मिळकतीच्या मानाने त्याच्यावरचा भार पहिल्याच्या पाचवा हिस्साच आहे. उरलेले आठ लाख ते घर पुढे कधीतरी खर्च करेल तेव्हा त्यावर कर लागेल, हे खरं. पण पिढ्यान्‌पिढ्या खर्चच होत नाही अशी शिल्लक श्रीमंत घरांतच असते.

गोष्ट मुळात अमेरिकेतली, म्हणून तिथलाच आणखी एक कर पाहू. तिथे सामाजिक सुरक्षेसाठी नोकरदाराच्या पगारातून ६.२ टक्के कापले जातात, पण एका कमाल पगारापर्यंतच. २०२४ साली ही मर्यादा १,६८,६०० डॉलर होती. बरोबर तेवढा पगार असलेल्याचे वर्षाला साधारण १०,४५३ डॉलर गेले. त्याच्या दहापट पगार असलेल्याचेही तेवढेच गेले, म्हणजे पगाराच्या ०.६२ टक्के. आणि तळाशी राबणाऱ्याचे पहिल्या डॉलरपासून पूर्ण ६.२ टक्के कापले गेले. मालकाला तेवढाच वाटा वेगळा भरावा लागतो. या आणि अशाच पगारावरच्या करांतून अमेरिकी केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग येतो. वैयक्तिक आयकरातून येतो तो साधारण निम्मा. निम्मं बिल टेबलावर ठेवायचं, बाकीचं खाली लपवायचं आणि मग चौघांना फुकटे म्हणायचं, हा कुठला न्याय?

"दहावा एकटा ५९ भरतो"

भरतो, आणि खऱ्या आकड्यांत तर त्याहून जास्त भरतो. अमेरिकेत २०२२ साली वरच्या १० टक्के करदात्यांनी एकूण आयकराच्या सुमारे ७२ टक्के भरले, तळच्या निम्म्यांनी ३ टक्के. हे झाकायचं कारण नाही. पण गोष्ट जे सांगत नाही तेही बाजूला मांडा. त्याच वर्षी करविवरणांत दाखवलेल्या एकूण उत्पन्नातले ४९ टक्क्यांहून थोडे जास्त या वरच्या दहा टक्क्यांकडे होते, आणि तळच्या निम्म्यांकडे साडेअकरा टक्के. म्हणजे दहा जणांचे खिसे टेबलावर रिकामे केले तर जवळजवळ निम्मा ढीग एकट्या दहाव्याचा, आणि पहिल्या पाच जणांचा मिळून ढीग त्याच्या चौथ्या हिश्शाएवढाही नाही. गोष्टीत प्रत्येकाने बिलात किती दिले हे आहे, बिल भरून झाल्यावर कोणाकडे किती उरलं हे कुठेच नाही. दहाव्याचा वाटा कमी व्हावा असं मनापासून वाटत असेल तर त्याचा सरळ मार्ग बाकीच्या नऊ जणांची मिळकत वाढणं हा आहे. त्यांची मिळकत वाढली की करातला त्यांचा वाटा आपोआप वाढेल.

ऐपत जास्त त्याने ऐपतीच्या प्रमाणात, आणि थोडं त्याहून जास्तही द्यावं, हा विचार कोणा डाव्या पुढाऱ्याचा नाही. मुक्त बाजाराचे समर्थक ज्यांचं नाव घेतात त्या अॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्येच म्हटलं होतं की श्रीमंतांनी सार्वजनिक खर्चाला आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात, इतकंच नव्हे तर त्या प्रमाणाहून काहीसं अधिक द्यावं, यात फारसं गैर नाही. सगळ्यांनी डोई सारखी वर्गणी काढावी हा प्रयोगही होऊन गेला आहे. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने १९८९ मध्ये स्कॉटलंडमध्ये आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये माणशी कर लावला. लोक रस्त्यावर उतरले, लंडनमध्ये दंगल झाली, आणि १९९३ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला तो कर गुंडाळावा लागला.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. गोष्टीतला दहावा हा एकच माणूस नाही. त्या वरच्या दहा टक्क्यांत चांगल्या पगाराचा डॉक्टर आहे, अभियंता आहे, आणि ज्याला पगाराची गरजच नाही असा अब्जाधीशही आहे. डॉक्टरची पै न पै सरकारला दिसते. अब्जाधीशाची संपत्ती वाढते ती शेअरच्या किमतीत, आणि शेअर विकेपर्यंत ती वाढ बहुतेक देशांच्या कायद्यात उत्पन्नच नसते. तो विकत नाही. शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, त्यावर घर चालवतो. कर्ज हे उत्पन्न नाही, त्यामुळे कर नाही. अमेरिकेत तर तो गेल्यावर वारसाच्या नावावर ते शेअर त्या दिवशीच्या भावाने चढतात, आणि आयुष्यभराच्या वाढीवरचा आयकर कायमचा सुटतो.

अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०११ मध्ये आपलेच आकडे जाहीर केले होते. त्यांनी त्याआधीच्या वर्षी करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के कर भरला होता. त्यांच्याच कार्यालयातल्या बाकीच्या वीस जणांचा दर ३३ ते ४१ टक्के होता, सरासरी ३६. यात पगारावरचे करही धरले आहेत, आणि कंपनीने आधी भरलेला कर मोजायला हवा होता असा आक्षेप त्यावर घेतला गेला. तो आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. पण हातावर हात ठेवून वाढलेल्या भांडवलावरचा दर घाम गाळून मिळवलेल्या पगारावरच्या दरापेक्षा कमी आहे, हे त्याने बदलत नाही. ही गोष्ट पुढे पाठवणारा पगारदार स्वतःला दहावा समजतो. तो बहुतेक वेळा सातवा किंवा आठवा असतो. त्याच्यावरचा भार खरोखरच जड आहे, पण तो पहिल्या चौघांमुळे नाही. कायद्यातल्या ज्या दारातून दहाव्यातला सर्वांत वरचा माणूस बाहेर पडतो, ते दार पगारदारासाठी नाही.

"सवलत दिली की जास्त भरणाऱ्यालाच जास्त मिळणार"

सगळ्यांचा कर सारख्या प्रमाणात कमी केला तर हे खरंच आहे. त्यात वाद नाही. वाद आहे तो मालकाच्या त्या २० वर. गोष्टीतला मालक ही सूट स्वतःच्या गल्ल्यातून देतो आणि जेवण होतं तेवढंच राहतं. सरकारकडे असा वेगळा गल्ला नसतो. कर घटला की ताटातलं काहीतरी कमी होतं, नाहीतर उधारी वाढते आणि ती पुढच्या पिढीच्या बिलात चढते.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ मध्ये आयकरात मोठी कपात केली. अनेक धंद्यांच्या उत्पन्नावरचा राज्याचा आयकर तर शून्यच केला. अर्थव्यवस्थेला त्याने तरतरी येईल असं सांगितलं गेलं. ती आली नाही, तिजोरीत खड्डा मात्र पडला. २०१५ मध्ये तिथल्या काही शाळांना पैशाअभावी वर्ष लवकर संपवावं लागलं. शेवटी २०१७ मध्ये ब्राउनबॅक यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार डावलून ही कपात मागे घेतली. ज्या मुलांची शाळा लवकर बंद झाली त्यांच्या घरच्यांना त्या सवलतीत काय मिळालं होतं? गोष्टीतले चौघे "आम्हाला काहीच नाही" म्हणतात तेव्हा ते हावरट वाटावेत अशी ती लिहिलेली आहे. खऱ्या जगात त्यांना काही मिळत तर नाहीच, वर हातातलं जातं.

"सगळ्यांना मिळतं ते सारखंच"

दहा जण एकाच टेबलावर सारखंच जेवतात, हेही खरं नाही. रस्ता सगळ्यांचा आहे, पण त्यावरून हजार ट्रक एकाचेच धावतात. जमिनीची नोंद, करार मोडला तर कोर्ट, चोरी झाली तर पोलीस, हे सगळं ज्याच्याकडे जास्त मालमत्ता त्याच्या जास्त कामाचं. आणि गोष्टीत एक प्रश्न कोणी विचारतच नाही: स्वयंपाकघरात कोण आहे? भांडी कोण घासतंय? पहिले चौघे बहुधा तिथेच आहेत, आणि दहाव्याच्या खिशातल्या पैशात त्यांच्या कमी मजुरीचाही वाटा आहे.

मारहाणीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. निवडून आलेल्या सभागृहात कराचा दर ठरवणं आणि कोणाला बुकलणं यांत फरक आहे. पहिल्याला दुसऱ्याचं रूप दिलं की वाचकाची सहानुभूती फुकट मिळते, एवढंच.

"दहावा निघून जाईल"

ही भीती सगळ्यांत परिणामकारक, आणि तिच्यात थोडं तथ्य आहे. युरोपातले मोठे फुटबॉलपटू करदर बघून देश निवडतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्तीकर वाढवल्यावर तिथले काही बडे धनिक स्वित्झर्लंडला गेले. पण सर्वसाधारण चित्र वेगळं आहे. समाजशास्त्रज्ञ क्रिस्टोबल यंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत वर्षाला दहा लाख डॉलरहून जास्त कमावणाऱ्यांची वर्षानुवर्षांची करविवरणं तपासली. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाण्याचं त्यांचं प्रमाण वर्षाला सुमारे २.४ टक्के निघालं, एकूण लोकसंख्येचं २.९ टक्के, आणि सर्वांत गरिबांचं त्याहून बरंच जास्त. राज्याची सीमा ओलांडायला पासपोर्टही लागत नाही, तरी श्रीमंत माणूस हलत नाही. त्याचा धंदा, ओळखीपाळखी, मुलांच्या शाळा सगळं तिथेच रुजलेलं असतं. गरीब मात्र काम शोधत हिंडतो.

माणसापेक्षा पैसा जास्त पळतो, हे मान्य. पण पळण्याची वाट कायद्यानेच करून दिलेली असते आणि ती अरुंदही करता येते. परदेशी बँक खात्यांची माहिती देशांनी एकमेकांना आपोआप द्यायची, ही व्यवस्था २०१७ पासून सुरू झाली. मोठ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर निदान १५ टक्के कर असावा, यावर २०२१ मध्ये १३० हून जास्त देश राजी झाले. त्यात पुढे सवलती आणि अपवाद घुसले, तेवढ्यासाठी मला वाईट वाटतं. अमेरिका तर आपल्या नागरिकाकडून तो कुठेही राहिला तरी करविवरण मागते, आणि बड्या धनिकाने नागरिकत्व सोडलं तर त्याची मालमत्ता आदल्या दिवशी विकली असं धरून तिच्या वाढीवर कर लावते. तिथे दहाव्याला हॉटेलातून उठून जाता येतं, पण तोवरचं बिल चुकतं केल्यावरच.