‘वरच्या जनरेशनचं अँटिबायोटिक म्हणजे जास्त स्ट्राँग’ : त्या फॉरवर्डला मुद्द्यामुद्द्याने उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेलच. मजकूर थोडक्यात असा, की अमॉक्सिसिलिन आता जुनं झालं, सगळे जंतू त्याला सरावले. घ्यायचंच असेल तर क्लॅव्ह (क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड) जोडलेलं घ्या, त्याहून चांगलं म्हणजे थेट थर्ड जनरेशन सेफॅलोस्पोरिन, म्हणजे पेनिसिलिनच्या नात्यातल्या अँटिबायोटिक गटाची तिसरी पिढी. गोळीपेक्षा इंजेक्शन केव्हाही भारी. कल्चर रिपोर्टमध्ये (जंतू वाढवून त्यावर कुठलं औषध चालतं ते तपासलेला रिपोर्ट) ज्या औषधापुढे सगळ्यात छोटा आकडा असेल तेच मागून घ्या. दोन दिवसांत फरक नाही पडला तर पुढची जनरेशन. आणि पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर या कुटुंबातल्या कुठल्याच औषधाला हात लावू नका.

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, रोज हेच जंतू आणि हेच रिपोर्ट समोर असतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाहीये. मेसेज लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार, पण यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला पेशंटला महागात पडू शकतो. कुणाला कुठलं औषध द्यायचं ते त्याचे डॉक्टर तपासून ठरवतील, मी फक्त ते ठरतं कसं आणि मेसेज कुठे चुकलाय एवढंच सांगतेय.

‘अमॉक्सिसिलिनला सगळे जंतू रेझिस्टंट झालेत’

नाही झाले. घसा दुखून ताप येण्यामागे जो मुख्य बॅक्टेरिया असतो, ग्रुप ए स्ट्रेप, तो गेली ८० वर्षं पेनिसिलिनचा मारा सोसतोय आणि आजही पेशंटमध्ये पेनिसिलिनला खरोखर रेझिस्टंट असा ग्रुप ए स्ट्रेप सापडल्याची पक्की नोंद नाही. आम्ही घशाचा स्वॅब रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, लावतो, दुसऱ्या दिवशी जंतूंच्या टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसतात आणि प्रत्येकीभोवती रक्तपेशी फुटून आरपार दिसेल असं स्वच्छ वर्तुळ झालेलं असतं, ते ओळखलं की पेनिसिलिनची सेन्सिटिव्हिटी (औषध चालतं का याची टेस्ट) रोजच्या कामात वेगळी लावायचीही गरज पडत नाही, इतका तो भरवशाचा आहे. या इन्फेक्शनसाठी पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन हीच पहिली पसंती आहे, दुसरं काही नसल्यामुळे नव्हे तर हृदयाच्या झडपा खराब करणारा ऱ्हुमॅटिक फीव्हर टाळायला याच औषधांचा अनुभव सगळ्यात जास्त आहे म्हणून. सिफिलिसमध्येही आजतागायत बेंझाथिन पेनिसिलिनच पहिलं.

आता मेसेजमधला अर्धा खरा भाग पण मान्य करते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस बहुतेक वेळा पेनिसिलिन तोडणारा एन्झाइम बनवतो, त्यामुळे गळू किंवा पू झालेल्या जखमेत नुसतं अमॉक्सिसिलिन सहसा चालत नाही. लघवीच्या इन्फेक्शनमधला ई. कोलाय तर अमॉक्सिसिलिनला इतक्या ठिकाणी रेझिस्टंट आहे की रिपोर्ट हातात असल्याशिवाय ते सुरू करणं बरोबर नाही. म्हणजे औषध निकामी झालंय का हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या जंतूसाठी आणि शरीरात कुठे हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. शिवाय घसादुखी बहुतेक वेळा व्हायरसमुळे असते आणि तिथे कुठलंच अँटिबायोटिक लागत नाही, आणि मेसेजमध्ये नेमकी हीच गोष्ट कुठेच नाही याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

‘क्लॅव्ह असलेलं कधीही चांगलं’

हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही खूप आहे म्हणून जरा सविस्तर. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम (मेरोपेनेमसारखी, गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेली इंजेक्शनं) या सगळ्यांच्या रेणूत बीटा-लॅक्टम नावाची चार कोनांची रिंग असते, बॅक्टेरियाची भिंत बांधणाऱ्या प्रोटीनला ती चिकटते आणि बांधकाम थांबतं. बॅक्टेरिया यातून दोन मुख्य मार्गांनी सुटतो. एक म्हणजे ती रिंगच तोडणारा एन्झाइम, बीटा-लॅक्टमेज, तयार करायचा. दुसरा म्हणजे भिंत बांधणारं प्रोटीनच असं बदलायचं की औषध त्याला नीट चिकटणारच नाही. क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड हे अमॉक्सिसिलिनचा अंगरक्षक आहे, एन्झाइमला स्वतःच्या अंगावर घेतं आणि अमॉक्सिसिलिनला वाचवतं, पण स्वतः जंतू मारण्याची ताकद त्यात फारशी नाही. म्हणजे एन्झाइम असेल तरच त्याचा उपयोग.

ग्रुप ए स्ट्रेप हा एन्झाइम बनवतच नाही, तिथे क्लॅव्ह लावून शून्य फायदा. न्यूमोनिया, कान, सायनस यात वारंवार सापडणारा न्यूमोकॉकस रेझिस्टंट होतो तो दुसऱ्या मार्गाने, प्रोटीन बदलून, त्यामुळे तिथेही क्लॅव्ह काही करत नाही, तिथे कामाला येतो तो अमॉक्सिसिलिनचा वाढवलेला डोस, म्हणून तर लहान मुलांच्या कानाच्या इन्फेक्शनमध्ये बऱ्याच गाइडलाइन्स दिवसाला किलोमागे ८० ते ९० मिलिग्रॅम देतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोकांना वाटतं आपण ‘वरचं’ औषध घेतलं, आणि प्रत्यक्षात अमॉक्सिसिलिन तेवढंच, पोटात जुलाब करणारं क्लॅव्ह मात्र ज्यादा.

उलट हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्सेला हे जंतू तो एन्झाइम बनवू शकतात, मोराक्सेला तर जवळजवळ नेहमीच. लॅबमध्ये नायट्रोसेफिन या रंग बदलणाऱ्या रसायनाच्या पिवळ्या डिस्कवर वसाहतीचा थोडासा भाग घासला आणि काही मिनिटांत ती लाल झाली की एन्झाइम आहे हे डोळ्यांनी दिसतं, अशा ठिकाणी क्लॅव्ह हवंच. प्राणी चावला, माणूस चावला, सायनस परत परत भरतोय, इथेही त्याला जागा आहे. आणि एक सांगते, २५० च्या दोन गोळ्या म्हणजे ५०० ची एक असं स्वतःच्या मनाने करू नका, नेहमीच्या २५० आणि ५०० अशा दोन्ही गोळ्यांत क्लॅव्ह १२५ मिलिग्रॅमच असतं, त्यामुळे दोन घेतल्या की क्लॅव्ह दुप्पट जातं. या कॉम्बिनेशनने काहींना लिव्हरचा त्रास होऊन कावीळही होते, कमी लोकांना होते पण होते.

‘जनरेशन वाढली की ताकद वाढली’

सेफॅलोस्पोरिनच्या जनरेशन ही ताकदीची चढती भाजणी नाहीच मुळी. ढोबळ मानाने पहिल्या जनरेशनची औषधं, सेफॅलेक्सिन, सेफाझोलिन, ही स्टॅफ आणि स्ट्रेपवर उत्तम आणि ग्रॅम निगेटिव्हवर, म्हणजे ई. कोलाय, क्लेबसिएलासारख्या जंतूंच्या गटावर, मर्यादित. तिसऱ्या जनरेशनकडे येईपर्यंत ग्रॅम निगेटिव्हवरची पकड वाढते आणि स्टॅफवरची कमी होते. सेफिक्झिम तर स्टॅफवर जवळजवळ निरुपयोगी आहे. म्हणजे त्वचेवर लाल, गरम, दुखरी सूज आली आणि कुणी या मेसेजप्रमाणे ‘स्ट्राँग’ म्हणून सेफिक्झिम घेतलं, तर तो साध्या सेफॅलेक्सिनपेक्षा कमकुवत औषध घेतोय आणि त्याला ते कळतही नाहीये.

याहून ठळक उदाहरणं आहेत. एन्टेरोकॉकस या आतड्यातल्या जंतूवर नेहमीच्या वापरातलं कुठलंच सेफॅलोस्पोरिन चालत नाही, पण एन्टेरोकॉकस फिकॅलिस असेल तर साधं अँपिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन सहसा चालतं. लिस्टेरिया या जंतूचं तेच. मेंदूज्वरात सेफ्ट्रायाक्झोन अतिशय चांगलं औषध, पण लिस्टेरियावर त्याचा परिणाम नाही, म्हणून वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या पेशंटला डॉक्टर सोबत अँपिसिलिन मुद्दाम जोडतात. इतक्या गंभीर आजारात थर्ड जनरेशनची उणीव भरून काढतं ते ‘जुनं’ अँपिसिलिन! आणि मायकोप्लाझ्मा या न्यूमोनिया करणाऱ्या बॅक्टेरियाला तर भिंतच नसते, तिथे अमॉक्सिसिलिन असो की मेरोपेनेम, सगळे बीटा-लॅक्टम सारखेच निरुपयोगी.

स्टॅफ रक्तात सापडला की सुरुवातीला एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या बीटा-लॅक्टम औषधांना न जुमानणारा स्टॅफ, असेल या शंकेने व्हँकोमायसिन सुरू करतात, ते बरोबरच आहे. पण रिपोर्टमध्ये एमआरएसए नाही असं आलं की क्लॉक्सासिलिन किंवा सेफाझोलिनवर यायचं असतं, काटकसर म्हणून नाही, तिथे ही साधी औषधं व्हँकोमायसिनपेक्षा खरंच जास्त चांगलं काम करतात म्हणून. आम्ही असे रिपोर्ट फोन करून कळवतो, तास वाया जाऊ नयेत म्हणून.

आणि गरज नसताना वरचं औषध घेण्याची किंमत वेगळी मोजावी लागते. आपल्या आतड्यात करोडो चांगले जंतू असतात, थर्ड जनरेशन त्यातले बरेच मारतं आणि मागे उरतात ते ईएसबीएल बनवणारे, म्हणजे थर्ड जनरेशनची रिंगही तोडणारे ई. कोलाय आणि क्लेबसिएला. पुढच्या वेळी त्याच माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं की गोळ्यांचे पर्याय मोजकेच उरतात, आजार गंभीर असेल तर थेट कार्बापेनेमची इंजेक्शनं. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाबही अशाच औषधांनंतर जास्त दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले, त्यात अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, अगदी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हसुद्धा ॲक्सेसमध्ये आहे आणि सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन वॉचमध्ये, म्हणजे जपून वापरा. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशांनी ठरवलेलं उद्दिष्ट आहे की २०३० पर्यंत माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या अँटिबायोटिक्सपैकी निदान ७० टक्के ॲक्सेस गटातली असावीत. मेसेज लोकांना बरोबर उलट दिशेला ढकलतोय.

‘रिपोर्टमध्ये सगळ्यात छोटा आकडा असेल ते औषध’

हे वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण रिपोर्ट आम्हीच देतो. औषधापुढचा तो आकडा म्हणजे एमआयसी, जंतूची वाढ थांबवायला लागणारं कमीत कमी प्रमाण. पण प्रत्येक औषध रक्तात किती चढतं, किती वेळ टिकतं, हे वेगळं, त्यामुळे प्रत्येकाची पास-नापासची रेषा वेगळी. सीएलएसआय या लॅबसाठी मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या तक्त्याप्रमाणे ई. कोलायसाठी सेफ्ट्रायाक्झोनची रेषा १ वर आहे आणि ४ आला की रेझिस्टंट, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह मात्र ८ पर्यंत सेन्सिटिव्ह. म्हणजे रिपोर्टमध्ये सेफ्ट्रायाक्झोनपुढे ४ आणि क्लॅव्हपुढे ८ असेल तर छोटा आकडा बघणारा माणूस बरोबर न चालणारं औषध उचलेल! औषधाची डिस्क अगारवर ठेवून भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजायच्या पद्धतीतही तसंच, व्हँकोमायसिनचा रेणू मोठा, अगारमध्ये हळू पसरतो, त्याचं वर्तुळ लहानच येणार, त्यावरून ते कमजोर ठरत नाही. आकड्यांची तुलना करू नका, पुढचं एस (सेन्सिटिव्ह), आय (मधलं), आर (रेझिस्टंट) बघा, आणि एस असलेल्यांतलं कुठलं घ्यायचं ते इन्फेक्शनच्या जागेवरून डॉक्टर ठरवतात.

‘इंजेक्शन म्हणजे जोरदार’

उलट्या होत असतील, पेशंट सिरियस असेल, मेंदूज्वर किंवा हृदयाच्या झडपेचं इन्फेक्शन असेल तर इंजेक्शन हवंच. बाकी अमॉक्सिसिलिन तोंडाने घेतलं तरी बहुतांश रक्तात उतरतं. (सेफिक्झिमचं ४० ते ५० टक्केच उतरतं, बघा, इथेही जुनंच पुढे.) बीटा-लॅक्टमच्या बाबतीत एकदम मोठा डोस ठोकण्यापेक्षा औषधाची पातळी एमआयसीच्या वर किती वेळ राहते याला महत्त्व आहे, आणि अमॉक्सिसिलिन तासा-दीड तासात रक्तात निम्मं होतं, म्हणून दिवसातून दोनदा-तीनदा ठरल्या वेळी घ्यायचं असतं. दुपारची गोळी रोज चुकवायची आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणायचं, असं फार होतं.

‘दोन दिवसांत फरक नाही तर पुढची जनरेशन’

४८ ते ७२ तासांत काहीच फरक नसेल तर परत दाखवायलाच हवं, आणि त्याआधीच तब्येत बिघडत असेल तर लगेच. पण कारण शोधायला, बढती द्यायला नाही. व्हायरस असेल, आत पू साठून राहिला असेल जो कापून काढल्याशिवाय कुठलंच औषध पोचणार नाही, मायकोप्लाझ्मा असेल, डोस कमी असेल. यातल्या एकाही गोष्टीवर नुसती पुढची जनरेशन हा उपाय नाही.

‘पेनिसिलिनची ॲलर्जी म्हणजे सगळंच बंद’

पहिली गोष्ट, ॲलर्जी असल्याचं सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर १० पैकी ९ किंवा जास्त जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालतं. लहानपणी व्हायरल तापात पुरळ उठलेलं असतं, त्याच वेळी अमॉक्सिसिलिन चालू असतं, आणि शिक्का जन्मभराचा बसतो. जुलाब किंवा मळमळ ही तर ॲलर्जीच नाही. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही बऱ्याच जणांची १० वर्षांत निघून जाते. सेफॅलोस्पोरिनबद्दल जी १० टक्क्यांची भीती सांगतात ती जुनी आहे, आताचा अंदाज २ टक्क्यांच्या आसपास, आणि तो धोकाही रेणूच्या बाजूच्या साखळीवर अवलंबून असतो, अमॉक्सिसिलिन आणि सेफॅलेक्सिनची साखळी मिळतीजुळती म्हणून तिथे जपायचं, सेफाझोलिनची अगदी वेगळी. या शिक्क्यामुळे ऑपरेशनच्या वेळी सेफाझोलिन टाळलं जातं आणि जखमेत इन्फेक्शनचं प्रमाण वाढतं, हे दिसून आलेलं आहे.

पण म्हणून घरी गोळी घेऊन बघायची नाही, अजिबात नाही. श्वास कोंडला होता, घसा-ओठ सुजले होते, बीपी पडलं होतं, किंवा कातडी सोलली, तोंडात फोड आले असं काही झालं असेल तर ते औषध तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय परत नाहीच, आणि कातडी सोलण्याच्या प्रकारात तर सहसा कधीच नाही. बाकीच्यांनी एवढं करा, घरातल्या ज्या कुणावर हा शिक्का आहे त्याच्याबद्दल मोठ्यांना विचारून एका कागदावर लिहून ठेवा: औषधाचं नेमकं नाव काय होतं, कितव्या डोसनंतर आणि किती तासांनी त्रास झाला, नुसतं पुरळ होतं की खाजणाऱ्या गांधी उठल्या होत्या, ॲडमिट करावं लागलं का, आणि त्यानंतर कधी अमॉक्सिसिलिन किंवा कुठलं सेफॅलोस्पोरिन घेऊन काहीच झालं नाही असं घडलंय का. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना तो कागद सोबत न्या, टेस्ट करायची की शिक्का तसाच पुसता येईल हे ठरवायला त्यांना नेमकी हीच माहिती लागते.