गेटवरची फुंकर

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या एका मित्राने फोटो टाकला. त्याच्या कारखान्याच्या गेटवर गार्ड श्वास तपासायचं यंत्र घेऊन उभा आणि समोर पहिल्या पाळीची रांग. खाली ओळ होती: ‘पहिल्याच दिवशी तीन बेवडे सापडले. तिघांचाही हिशोब करून टाकला.’ भराभर अंगठे पडले. मी विचारलं, ‘आणि उपचार?’ उत्तर आलं, ‘अबे, तू तिकडे बसून काहून ज्ञान देऊन राहिला?’

ते वाक्य तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

यंत्राला माझा विरोध नाही. ज्याच्या हातात ओव्हरहेड क्रेन चालवायचं पेंडंट आहे त्याने पिऊन येऊ नये, याबद्दल दुमत असण्याचं कारण नाही. मी कॅनडातल्या अल्बर्टात ऑइल सँड्सच्या, म्हणजे तेलमिश्रित वाळूच्या, एका साइटवर मेंटेनन्सला आहे, चौदा दिवस कॅम्प आणि सात दिवस घर. साइटवर पाऊल ठेवण्याआधी मीही चाचणीसाठी लघवीची बाटली भरून दिली आहे. मला राग आला तो ‘हिशोब’ या शब्दाचा. यंत्र वाजलं की गोष्ट संपली, असं मानणारा तो शब्द आहे.

इथे व्यसन कायद्याने अपंगत्वात धरतात. कामगाराने आपल्या व्यसनाचं सांगितल्यावर त्याला सामावून घेण्याची जबाबदारी मालकावर येते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये न्यू ब्रन्सविकच्या एका कागद गिरणीत मालकाने परस्पर लादलेली सरसकट, अचानक दारू-चाचणी बेकायदा ठरवली. पंधरा वर्षांत दारूचे आठ प्रसंग घडले, तेवढ्यावर सगळ्यांच्या तोंडाला यंत्र लावता येणार नाही, हा लवादाचा निष्कर्ष न्यायालयाने मान्य केला. हे मी ग्रुपवर लिहिलं. मित्र हुशार आहे. त्याने २०१७ चा निकाल शोधून काढला: अल्बर्टातल्याच कोळसा खाणीतला लोडरचालक, अपघातानंतर अंगात कोकेन सापडलं, नोकरी गेली आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने ते योग्य ठरवलं. ‘घे, तुमच्याकडेही काढतातच ना!’

काढतात. पण त्या खाणीचा नियम काय होता ते त्याने वाचलं नाही. अपघात होण्याआधी येऊन सांगितलं तर उपचार मिळतील आणि नोकरीला धक्का लागणार नाही, असा तो नियम होता. त्या माणसाने सांगितलं नाही. दार होतं, तो त्यातून आला नाही. बुटीबोरीच्या तिघांसाठी दार कुठे होतं? तिघेही ठेकेदाराचे. गेटपास काढून घेतला की झालं, नोटीस नाही, चौकशी नाही.

आपल्याकडे या विषयावर वाद दोनच चालतात: दुकान बंद करा, नाहीतर माणूस काढा. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली, सहा वर्षं सगळा विदर्भ बाजूने आणि विरोधात भांडला. त्या भांडणात पिणारा माणूस कुठेच नव्हता. कायदेही तसेच. कारखान्यातल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या, स्थायी आदेशांच्या १९४६ च्या कायद्याखालच्या नमुना नियमांत दारूची नशा दंगामस्तीच्या शेजारी, गैरवर्तन म्हणून बसवली होती. उलट, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत आहेत. गेटवर मात्र १९४६ चाच नियम पोचला. १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर मला एकाही कारखान्याच्या नोटीस बोर्डावर दिसलेला नाही.

आणि हे विदेशी फॅड आहे असं मला नागपूरच्या माणसाने सांगू नये. नागपूरची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी १८७७ ची. तिथे १८८६ ला पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई मिळू लागली. माझे आजोबा तिथे सूत कातायच्या रिंग खात्यात होते. कामगाराचं शरीर ही मालकाचीही जबाबदारी आहे, हा धडा आपल्याच गांधीसागर तलावाच्या काठावर गिरवला गेला. आता तिथे मॉल आहे.

पण मी हे एवढ्या तावातावाने का लिहितोय, त्याचं खरं कारण वेगळं आहे.

२००९ साली मी हिंगणा एमआयडीसीत शिफ्ट इंजिनीयर होतो. माझ्या हाताखाली एक फिटर होता, नागपूरजवळच्या वाडीचा. बेअरिंग हाताने फिरवून, कान लावून दोष सांगणारा माणूस. प्यायचा, सगळ्यांना माहीत होतं. मी त्याला शेवटची ताकीद दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाळीवर आला तेव्हा त्याला खर्रा घोटता येत नव्हता. पन्नी बोटांतून दोनदा निसटली, सुपारी फरशीवर सांडली. घामाने शर्ट भिजलेला. दहाच्या सुमारास प्रेसजवळ तो आडवा झाला आणि हातपाय झाडायला लागला. मी रिपोर्टमध्ये लिहिलं, ‘मद्यधुंद अवस्थेत आढळला.’ नोकरी गेली.

तो प्यायलेला नव्हता. माझ्या ताकदीमुळे, म्हणजे माझ्या त्या ताकिदीमुळे, त्याने एका झटक्यात सोडली होती. रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो, माणूस दगावूही शकतो. अशा वेळी त्याला दवाखाना लागतो. गेटवरचं यंत्र त्या सकाळी वाजलं नसतं. आदल्या रात्रीच्या दारूने ते वाजतं आणि थरथरत मशीनवर जाणाऱ्याला आत सोडतं. बुटीबोरीच्या मित्रा, हे तुझ्या सेफ्टी ऑफिसरला विचार.

मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. २०१८ च्या जानेवारीत, एडमंटनला सात दिवस पिऊन मी कॅम्पवर परतलो होतो. सकाळच्या टूलबॉक्स टॉकनंतर, म्हणजे कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीनंतर, फोरमनने मला त्याच्या ट्रकमध्ये बसवलं, हीटर वाढवला आणि डबल-डबल, म्हणजे दुप्पट क्रीम-साखरेची कॉफी, हातात दिली. ती माझ्या मांडीवर सांडली. तो म्हणाला, आज तू कशालाही हात लावायचा नाहीस, आपण मेडिककडे जातोय. पुढे सहा आठवडे उपचार, मग टेबलावरचं काम, दोन वर्षं न सांगता होणाऱ्या चाचण्या. नोकरी माझीच राहिली. मी अजून तिथेच आहे.

हे ग्रुपवर कुणाला माहीत नाही. आईला नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेत, चर्चच्या तळघरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी कोण आहे ते शेकडो वेळा इंग्रजीत सांगितलं. मराठीत एकदाही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी सभांमध्ये ‘मद्यपाश’ म्हणतात, चांगला शब्द आहे. पण मी ज्या घरात वाढलो तिथे त्याला बेवडा हाच शब्द होता आणि तो मी स्वतः त्या फिटरसाठी वापरला होता. त्यानंतर तीनदा नागपूरला आलो. तिन्ही वेळा वाडी नाक्यावरून गाडी सरळ पुढे नेली.

डिसेंबरात येतोय. या वेळी वाडीला उतरणार आहे. आणि गड्या, त्या तिघांचे नंबर मला पाठव. तुझ्याकडे नसतील, ठेकेदाराकडे असतील.