मार्गारेट फुलर : लाँगफेलोला तोंडावर सुनावणारी बाई

हल्ली कुणाचंही पुस्तक आलं की वॉलवर "अप्रतिम, जरूर वाचा", आणि लिहिणारा बहुतेक लेखकाचाच मित्र. अशा पोस्टी वाचून डोकं उठलं की मला मार्गारेट फुलर ही अमेरिकन समीक्षक आठवते.

१८१० चा जन्म, मॅसॅच्युसेट्सची. वडील वकील, पुढे खासदार झाले, त्यांनी पोरीला सहाव्या वर्षी लॅटिनला बसवलं. १८३५ मध्ये ते कॉलऱ्याने गेले आणि धाकट्या भावंडांचं बघायचं म्हणून हिने शाळेत शिकवायला सुरुवात केली. मग विचारवंत लेखक एमर्सन आणि मंडळींच्या 'द डायल' या त्रैमासिकाची संपादक, पगार ठरला वर्षाला २०० डॉलर, मिळाला शून्य!! (लिटल मॅगझिनवाल्यांना नवल वाटणार नाही.)

१८४४ मध्ये संपादक होरेस ग्रीलीने तिला न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' या दैनिकात घेतलं, म्हणजे रोजच्या पेपरात पुस्तकांवर लिहायला पगारी माणूस आणि तीही बाई, त्या काळात. लेखाखाली नाव नाही, फक्त एक चांदणी. दोनेक वर्षांत अडीचशेच्या आसपास लेख लिहिले तिने. १८४५ मध्ये फ्रेडरिक डग्लसचं आत्मचरित्र आलं, गुलामीतून पळालेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं, तर त्याच्यावर तिने दयाबिया न दाखवता लेखन म्हणून लिहिलं, की गोष्ट किती साधी, खरी आणि जिवंत सांगितलीय.

आणि त्याच वर्षी लाँगफेलो! तेव्हा तो घराघरातला कवी. हिने सरळ लिहिलं की याची भलती स्तुती ऐकून ऐकून माझं मन त्याच्याबद्दल थंड झालंय, नजाकत आहे पण प्रतिमा उसन्या आहेत. पुस्तकातल्या त्याच्या चित्राचीही टर उडवली, ते मला जरा जास्त वाटतं, पण वाचताना हसू येतंच. लॉवेल या दुसऱ्या कवीबद्दल तर लिहिलं की पुढच्या पिढ्या याला लक्षात ठेवणार नाहीत. त्याने १८४८ मध्ये एका लांबलचक कवितेत तिचं विडंबन करून उट्टं काढलं. आता लॉवेलच्या कविता कोण वाचतं सांगा.

लोक हिच्याबद्दल बोलतात ते मात्र इटलीचं प्रेम आणि जहाज बुडालं ते. १८४९ च्या रोमच्या क्रांतीत तिने जखमींचं हॉस्पिटल सांभाळलं, अमेरिकेला परत येताना १९ जुलै १८५० ला न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडपाशी, किनारा दिसत असताना, नवरा आणि बाळासकट गेली, सगळं खरं आणि भयंकर आहे. पण त्या शोकांतिकेखाली समीक्षक पार झाकली गेली असं माझं मत. त्यात एमर्सन आणि दोन मित्रांनी १८५२ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं ते तिची पत्रं कापून, शब्द बदलून, जरा सोज्वळ करून. प्रेमानेच केलं असणार, पण केलं. ट्रिब्यूनमधले लेख आधीच छापून गेलेले, ते यांच्या कात्रीतून वाचले. तिला वाचायचंच असेल तर तिथून सुरू करा, लाँगफेलोवाला आधी.