साठ फुटाला पाणी

समुद्रात जाऊन मासा धरायचा, हे गुत्तेदारानं ठरवलं. गुत्तेदारानं ठरवलेलं काम आजवर कधी सुरू झालेलं नव्हतं, म्हणून आम्ही चौघांनी निर्धास्तपणे हो म्हटलं. त्यानं मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. काळा चष्मा घातलेला एक माणूस होडीत उभा राहून दोरी ओढतोय आणि खालून पाच वर्षांच्या पोराएवढा मासा वर येतोय.

“धरणातली चिलापी किती दिवस खायची?” गुत्तेदार म्हणाला. “मालवणला जाऊ. समुद्रात आत खडकं हायती, त्याच्या कपारीत मासे ऱ्हातेत. वरून गळ सोडायचा. बास.”

आणि दिवाळीनंतर एके दिवशी त्यानं खरंच गाडी दारात आणून उभी केली. लातूरच्या इतिहासात गुत्तेदारानं वेळेवर केलेलं हे एकमेव काम असावं, आणि ते नेमकं आमच्या वाट्याला आलं.

मंडळी सांगतो. एक गुत्तेदार. दुसरा बागाईतदार, म्हणजे दोन एकर कोरडवाहू असलेला. हे नाव आम्हीच ठेवलंय. तिसरा पानाडी. तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथं बोअर घ्यायला सांगतो. त्याच्या सांगण्यावरून घेतलेल्या बोअरमधून निघालेल्या फुफाट्यात आमचा निम्मा तालुका शिंकलाय. चौथे गुरुजी. गळ्यात तुळशीची माळ. ते म्हणाले, “मी धरणार नाही, खाणार नाही. फक्त मोजीन.” जनगणना, मतदान आणि खिचडीची ताटं यांत नोकरी गेल्यावर माणसाला मोजल्याशिवाय करमत नाही. पाचवा मी.

तारीख मात्र तांडेलानं, म्हणजे होडी चालवणाऱ्यानं दिली. फोनवर म्हणाला, “अष्टमीक येवा. भांग आसता.” गुत्तेदारानं फोन ठेवला आणि डोळा मारला. “व्यवस्था चांगली दिसतीय.” मालवणात पोहोचेपर्यंत तो याच आनंदात होता. अमावस्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, त्याला तिकडं भांग म्हणतात. पाण्याला ओढ कमी असली की गळ सरळ खाली जातो, तिरका वाहत नाही. हे कळल्यावर गुत्तेदाराचा चेहरा बिल अडकल्यासारखा झाला.

वाटेत मिरज लागलं. लातूरकर मिरजेवरून गुमान पुढं जाऊ शकत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये इथूनच लातूरला पाणी आणणारी रेल्वे, ‘जलदूत’, निघाली होती, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. पानाडीनं गाडीतूनच स्टेशनच्या दिशेनं हात जोडले. त्या साली त्याच्या नारळाला कुणी विचारत नव्हतं.

मालवणात खानावळीच्या काकूंनी सोलकढी वाढता वाढता विचारलं, “बोट लागता काय रे कोणाक?”

“लागती की,” बागाईतदार म्हणाला. “पाच जणाला एक बास.”

काकूंनी त्याच्याकडं फार मायेनं पाहिलं. गाडी लागते तशी बोटही लागते आणि तिची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायची असते, हे त्यांनी समजावून सांगितलं. गोळ्याही दिल्या. पण बालाघाटच्या डोंगरातल्या एसटीत लहानाचे मोठे झालेल्या माणसांनी गोळ्या घ्यायच्या म्हणजे काय? गोळ्या गुत्तेदाराच्या शर्टाच्या खिशात राहिल्या. अजून असतील.

पहाटे पाचला होडीत बसलो. सहावा तांडेल. “बघा बरं,” गुरुजी म्हणाले, “पाण्याभोवती सहा जण जमलेत. सोळा सालचा मार्च असता तर आत गेलो असतो.” खरंच होतं ते. त्या मार्चमध्ये लातुरात पाणी भरायच्या जागांभोवती जमावबंदी लावली होती. इथं तर पाण्याला ना टाकी, ना तोटी, ना रांग. पानाडीनं सवयीनं आपली बाटली पुढं केली आणि मग मागं घेतली.

सिंधुदुर्ग किल्ला डाव्या हाताला अंधारात काळा दिसत होता. तिथं आसपास गळ टाकायचा नाही, सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. तांडेलानं होडी बरीच बाहेर काढली. उजाडल्यावर तो एकदा किल्ल्याच्या बुरुजाकडं पाहायचा, एकदा किनाऱ्यामागच्या डोंगराकडं. दोन्ही खुणा एका रेषेत आल्या की खाली खडप, म्हणजे पाण्यातला खडक. बांधाचा दगड हरवल्यावर आम्ही लिंबाच्या झाडावरून देवळाच्या कळसाकडं बघत तो शोधतो, अगदी तसंच. फरक इतकाच, की इथं भावकी भांडायला येत नाही.

“नांगर टाका!” तांडेल म्हणाला.

बागाईतदार दचकून उभा राहिला. “इथं? पाण्यात?” आयुष्यभर त्यानं नांगर धरला होता, टाकायची वेळ फक्त सोयाबीनच्या भावामुळं आली होती. मग त्यानं तो चार दात्यांचा लोखंडी नांगर बघितला आणि तांडेलाला गंभीरपणे विचारलं, “खोल किती जातो?”

“दहा-अकरा वाव.”

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते माप, साधारण सहा फूट. गुरुजींनी मनात गुणाकार केला. “साठ-पासष्ट फूट.”

होडीत शांतता पसरली. आमच्या बागाईतदारानं मागच्या वर्षी सहाशे फूट बोअर मारला होता. तळाला धुरळा. पानाडी दुसरीकडं बघायला लागला. समुद्राला वाहायला म्हणून आणलेला नारळ त्याच्या मांडीवर होता. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं तो आडवा तळहातावर ठेवला. होडी हलली आणि नारळ टुणकन उभा राहिला.

“हाय!” पानाडी ओरडला. “इथं पाणी हाय!”

पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीतलं त्याचं हे पहिलं खरं निघालेलं पाणी. त्यानंतर त्यानं तो नारळ समुद्राला वाहिलाच नाही. परत घेऊन आला. आता बोअर दाखवायच्या फीत दोनशे रुपये वाढवलेत.

गळ टाकणं सोपं असतं. कोळंबीचा तुकडा गरीला लावायचा, शिसाच्या वजनानं दोरी खाली सुटू द्यायची, शिसं तळाला टेकलं की हातभर वर घ्यायची आणि बोटावर दोरी ठेवून वाट बघायची. हातभर वर घ्यायची, हेच आम्ही विसरायचो. गुत्तेदाराच्या दोरीला पहिला झटका बसला. पाय रोवून, दात खाऊन तो पाच मिनिटं ओढत होता. “मोठा हाय! लय मोठा हाय!”

“भाऊ,” तांडेल म्हणाला, “तुका खडप गावला.”

गुरुजींनी वहीत लिहिलं : खडक, १. दुपारपर्यंत खडक सात झाले होते.

तोवर सूर्य वर आला आणि थांबलेली होडी डुलायला लागली. चालती होडी बरी. थांबलेली होडी म्हणजे पाळण्यात घालून कुणीतरी सूड घेतंय असं वाटतं. “ह्यात घाबरण्यासारखं काही नाही,” गुरुजींनी मला समजावलं. “कानाच्या आत तोल सांभाळणारी व्यवस्था असते. कान सांगतो आपण हलतोय, डोळे सांगतात फळी जागेवर आहे. ह्या दोघांचं जमलं नाही की मेंदू...” मेंदूचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही. ते कडेला वाकले. पाठोपाठ मी. “खाली बघू नुको, लांब बघ,” तांडेल म्हणत होता. लांब बघितलं, तर लांबही पाणीच.

पहिला जिवंत मासा बागाईतदाराला लागला. वर येताच त्यानं हवा भरून घेतली आणि टरारून चेंडूएवढा झाला, अंगभर काटे. बागाईतदार हरखला. “लागलं की अंग धरलंय बघा ह्यानं!” तो केंड होता. विषारी. तांडेलानं गरी काढून त्याला परत पाण्यात सोडला, तेव्हा तो फुगलेलाच काही वेळ तरंगत राहिला, निवडून आल्यावर गल्लीत फिरणाऱ्या नगरसेवकासारखा.

अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. रेंजचे दोन दांडे कसे कोण जाणे तिथवर पोहोचले होते. बायको होती.

“अहो, नळ आलाय.”

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो. तो आला की सुतक, लग्न, परीक्षा, सगळं बाजूला ठेवून माणसं हौदापाशी धावतात. मी अरबी समुद्रात पोट धरून पडलो होतो, तरी ताडकन उठून बसलो.

“हौद भरला, पण मोटर नुसतीच गुरगुर कराय लागलीय. वर पाणी उचलंना.”

“एअर धरला असंल. नाहीतर फुटबॉलमध्ये कचरा.” फुटव्हॉल्व्हला आमच्याकडं सगळे फुटबॉलच म्हणतात. “बंद कर आधी. पान्यानं वरचं बूच काढ. तांब्यानं पाणी ओत, बुडबुडे थांबोस्तर.”

आणि माझ्या बोटावरची दोरी खस्सकन खाली गेली.

“ओढ!” तांडेल ओरडला.

“काय ओढू?” बायको म्हणाली.

“तू नाही, मी ओढतोय!”

“तुम्ही कशाला? बूच निघालंय.”

“जरा सोड! सोड!” तांडेल.

“सोडू? मग चालू करू?”

“कर! कर!” मी कुणाला म्हणालो, मला आजही सांगता येत नाही.

“आलं का?”

“आलं! वर आलं!” हे तिकडून आलं की इकडून, तेही नाही. एवढं खरं, की त्याच क्षणी माझ्या कानाखालून फोन निसटला, कोळंबीच्या डब्यात गेला आणि बागाईतदार जीव खाऊन ओरडला, “पडला! पडला!” फोन तिथंच बंद झाला.

मासा मात्र आला. गोबरा, सव्वा किलोचा, तपकिरी ठिपक्यांचा. त्याच्या तोंडातून फुग्यासारखं काहीतरी बाहेर आलं होतं.

“खालसून झटकन वर इलो की पोटातली हवा फुगता,” तांडेल म्हणाला.

“म्हंजी ह्यानंबी एअर धरला,” बागाईतदार म्हणाला.

गुरुजींनी कडेवरून मान न उचलता लिहिलं : मासा, १.

त्या रात्री तो गोबरा चौघांत संपला. काकूंच्या वाटपात खोबरं किती होतं हे पानाडी नारळाकडं बघत मोजत होता. गुत्तेदारानं ज्वारीची भाकरी मागितली, तांदळाची मिळाली, आणि त्यानं पाच खाल्ल्या. मी मात्र कुणाचा तरी फोन मागून घरी लावला, तेव्हा मला जे कळलं त्यानं घास उतरेना.

‘पडला, पडला’ ऐकून बायकोनं मी समुद्रात पडलो असं धरलं होतं. तिनं गुत्तेदारणीला फोन लावला, तिनं गुरुजींच्या घरी, तिनं माझ्या सासऱ्यांना. माणसं जमली. रडारड झाली. या सगळ्यात मोटर बंद करायचं राहिलं. वरची टाकी भरली आणि पाऊण तास वाहत होती, जिन्यावरून, दारातून, पार कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत. मी जिवंत आहे ही बातमी गल्लीत रात्री पोहोचली. टाकी वाहिल्याची तिच्या आठ तास आधी.

परत आल्यावर गाडीतून उतरलो, तर समोरच्या काकू ओट्यावरच बसल्या होत्या. माशाचं त्यांनी काही विचारलं नाही. माझ्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “मालवणला गेल्तास म्हणं.”

“हो काकू.”

“तिकडं पाणी असं उघड्यावरच ठेवतेत काय रे?”