भिंतीबाहेरचे पीचचे फूल

आपल्या पत्रिकेतला गुरू किंवा शनी, आभाळ स्वच्छ असेल तर, गच्चीवर जाऊन बोटाने दाखवता येतो. तो आपले काही भले करील की नाही, हा पुढचा प्रश्न. चिनी पत्रिकेतले शुभ तारे कोणत्याही दुर्बिणीतून दिसत नाहीत, कारण ते आकाशात नसतातच. जन्माचे वर्ष, महिना, दिवस आणि तास यांची प्रत्येकी दोन अशी आठ अक्षरे मांडायची, त्यांपैकी चार अक्षरांना उंदीर, बैल, वाघ असे बारांतले प्राणी नेमून द्यायचे आणि कोणत्या अक्षरासमोर कोणता प्राणी आला की कोणता तारा लाभला, हे पाठ केलेल्या पद्यांवरून ठरवायचे, अशी ही ‘बाझी’ नावाची विद्या आहे.

सिंगापुरात बरीच वर्षे नोकरी केलेल्या माझ्यासारख्या रत्नागिरीकराला या विद्येची गरज नव्हती. परंतु निवृत्तीच्या उंबरठ्यावरचा माणूस दिसला की शेजाऱ्यांना त्याच्या भवितव्याची काळजी वाटू लागते. आमच्या मजल्यावरच्या चिनी आंटींनी मला अतिशय गंभीरपणे विचारले, “तुमचा कुएइ-रन कुठे आहे?” कुएइ-रन म्हणजे अडचणीच्या वेळी धावून येणारा थोर माणूस, आणि तो आयुष्यात येणार की नाही हे सांगणारा तारा सर्व शुभ ताऱ्यांत अव्वल मानला जातो. तो कुठे आहे हे ठाऊक नसताना मी इतकी वर्षे निर्धास्त झोपत होतो, याचे आंटींना नवल वाटले.

त्यांनी सुचवलेले वृद्ध ज्योतिषी वॉटर्लू स्ट्रीटच्या परिसरात बसत. या रस्त्यावर क्वान इम देवीचे गजबजलेले मंदिर आहे आणि त्याच्या शेजारीच श्रीकृष्णाचे देऊळ आहे. देवीसमोर हात जोडून आलेले चिनी भाविक जाता जाता कृष्णालाही उदबत्ती लावतात. त्यामुळे सौभाग्यवतींनी या मोहिमेला तत्काळ मान्यता दिली आणि देखरेखीसाठी त्या स्वतः बरोबर आल्या.

अंकलांनी (सिंगापुरात वडीलधाऱ्या परक्या माणसाला हेच म्हणतात) भविष्याआधी माझी जन्मवेळ आणि जन्मगावाचे रेखांश विचारले. ६ जुलै १९६८ ही तारीख पक्की होती. घोटाळा वेळेचा होता. आईला फोन केला, तेव्हा ती म्हणाली, “दिवेलागण होत होती रे.” आषाढातल्या पावसाळी अंधारात कोकणात दिवेलागण कोणत्याही वेळी होऊ शकते, ही अडचण तिला मान्य नव्हती. आत्याच्या मते मी जन्मलो तेव्हा वस्तीची एस.टी. येऊन उभी राहिली होती. पण ती त्या दिवशी वेळेवर आली होती का, याची नोंद कोणी ठेवलेली नव्हती. घरच्या पत्रिकेत वेळ घटी-पळांत लिहिलेली होती. त्यातला पहिला तिनाचा आकडा शाबूत होता आणि त्याच्या शेजारचा कसरीने खाल्ला होता. एक घटी चोवीस मिनिटांची, तेव्हा कसरीने माझ्या आयुष्यातले जवळपास चार तास संशयास्पद करून ठेवले होते.

चिनी तास आपल्या दोन तासांचा असतो. संध्याकाळी पाच ते सात हा कोंबड्याचा आणि सात ते नऊ हा कुत्र्याचा. आईच्या साक्षीवर विसंबून आम्ही सात वाजून वीस मिनिटे धरली आणि मी कुत्र्याच्या तासात जाऊन पडलो, जिथे अंकलांना एकही शुभ तारा सापडेना. माझा चेहरा पाहून त्यांनी मायेने रत्नागिरीचे रेखांश पुन्हा तपासले. भारताचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि रत्नागिरी त्याच्या सुमारे नऊ अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने सदतीस मिनिटे वजा झाली आणि जुलैच्या आरंभी सूर्य स्वतःच चार-पाच मिनिटे मागे असतो म्हणून तीही गेली. सिंगापूरकरांना असल्या वजाबाकीचे काही वाटत नाही, कारण १९८२ पासून त्यांचे घड्याळ त्यांच्या सूर्याच्या तासाभराहून अधिक पुढे धावत आहे. माझी खरी वेळ सहा वाजून एकोणचाळीस मिनिटे ठरली आणि मी कोंबड्याच्या तासात आलो.

त्यानंतर जे घडले त्याला लॉटरी हाच शब्द योग्य आहे. माझ्या दिवसाचे अक्षर ‘तिंग’, म्हणजे दिव्याच्या ज्योतीचा सौम्य अग्नी. पद्य सांगते की तिंगवाल्याचा कुएइ-रन डुकरात किंवा कोंबड्यात असतो. कोंबडा हजर होता. तिंगवाल्याचा विद्येचा तारा ‘वेन-छांग’ कोंबड्यातच असतो, तोही लाभला. माझे जन्मवर्ष माकडाचे, आणि माकडाच्या वर्षात जन्मलेल्याचे ‘थाओ-हुआ’ म्हणजे पीचचे फूल, अर्थात इतरांना मोहित करण्याचे सामर्थ्य, तेही कोंबड्यातच. एक्केचाळीस मिनिटांच्या वजाबाकीने मी विद्वान, भाग्यवान आणि मोहक झालो होतो. मी खुर्चीत जरा ताठ बसलो.

मग अंकलांनी ‘खोंग-वांग’ काढला. दहा अक्षरांच्या बारा प्राण्यांशी जोड्या लावताना दर फेरीला दोन प्राणी जोडीदाराविना उरतात. ते पोकळ मानले जातात आणि त्यांच्यावर बसलेला तारा निष्फळ होतो. माझ्या जन्मदिवसाच्या फेरीत उरलेले प्राणी होते माकड आणि कोंबडा. विद्वत्ता, भाग्य आणि मोहकता एका दमात पोकळीत गेली.

येथे मला या विद्येविषयी खरा आदर वाटू लागला, कारण तिच्यात अपिलाची सोय आहे. तांग काळातला ली श्यू-चुंग वर्षाला केंद्र मानत असे. दिवसाला केंद्र मानण्याची पद्धत पुढे सोंग काळातल्या श्यू त्स-फिंगच्या नावाने रूढ झाली. अंकलांनी जुन्या रीतीने वर्षावरून पोकळी काढली, तर वाघ आणि ससा हे दोघे पोकळ निघाले आणि कोंबडा निर्दोष सुटला. शिवाय माझ्या दिवसाचा प्राणी बैल. बैल आणि कोंबडा यांची अर्धी युती होते, आणि युती झाली की पोकळी भरते, असेही एक मत आहे. जुन्या दिवाणी वकिलालाही एवढे सुचले नसते.

“पण फूल भिंतीबाहेर आहे,” अंकल म्हणाले. पीचचे फूल वर्षाच्या किंवा महिन्याच्या स्तंभात, म्हणजे त्याच्या दोन अक्षरांच्या जोडीत, असले तर ते भिंतीच्या आतले, म्हणजे घरच्यांच्या उपयोगाचे. दिवसाच्या किंवा तासाच्या स्तंभात असले तर ते भिंतीबाहेरचे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याने तोडावे असे. तासाचा स्तंभ उतारवय दाखवतो, हे त्यांनी अगदी सहज सांगितले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. दिवसाच्या बैलावरून मोजले असता आणखी एक फूल महिन्याच्या घोड्यात, भिंतीच्या आत सापडते, हे अंकलांनी घाईघाईने दाखवले. परंतु चर्चा तोवर बाहेरच्या फुलावर स्थिरावली होती.

विषय बदलावा म्हणून मी प्रवासाच्या घोड्याची चौकशी केली. आयुष्य परदेशात काढलेल्या माणसाच्या पत्रिकेत तो असलाच पाहिजे, असे आंटींनी बजावले होते. वर्षावरून तो वाघात आणि दिवसावरून डुकरात यायला हवा होता. माझ्याकडे दोन्ही प्राणी नाहीत. शास्त्रानुसार मी रत्नागिरीतच आहे. तिंगवाल्याचा ‘लू’ तारा मात्र घोड्यात असतो आणि माझा महिनाच घोड्याचा असल्यामुळे तो कोणतीही वजाबाकी न करता लाभला. लू म्हणजे बादशहाच्या चाकराचा पगार. निर्विवाद लाभलेला एकमेव तारा पगाराचा, आणि मी तर निवृत्तीच्या तयारीत.

शेवटी अंकलांनी लाल कागद पुढे ओढला आणि कोणता तास लिहू, असे विचारले. मी कुएइ-रनसाठी कोंबड्याचा आग्रह धरला. त्यावर त्यांनी पुन्हा आकडेमोड केली आणि सांगितले, की वर्षाच्या अक्षरावरून पाहिले तर माझा कुएइ-रन बैलात येतो; बैल माझ्या दिवसाखाली आहे, तो कोणत्याही रीतीने पोकळ नाही, तास कोणताही धरला तरी हलत नाही, आणि दिवसाखालचे ते घर पत्नीचे असते.

“मग कोंबडा कशाला हवाय?” सौभाग्यवती मला म्हणाल्या. “अहो, आत्या खोटं कशाला बोलतील? एस.टी. आली होती. कुत्र्याचाच तास लिहायला सांगा त्यांना.”

अंकलांनी शाईत ब्रश बुडवला आणि, मी काही बोलायच्या आत, कुत्रा लिहिला.