पाठीमागून येणारी गाडी

मार्गदर्शकासह सायकल सहली काढणाऱ्या कंपन्या ग्राहकाला ज्या अनेक सोयी पुरवतात, त्यांतली सर्वांत जाचक सोय म्हणजे सगळ्यांच्या पाठीमागून संथ चालीने येणारी मोकळी गाडी. तिच्यात थंड पाणी असते, केळी असतात, मऊ आसने असतात. ज्याला दम लागेल त्याने हात वर करावा, त्याची सायकल टपावर चढवली जाईल आणि उरलेला चढ त्याला बसून पार करता येईल, असे पहिल्याच सकाळी हसतमुखाने सांगितले जाते. ही व्यवस्था ज्याने शोधून काढली, त्याचा कोल्हापूरच्या माणसांशी कधी संबंध आलेला नसावा. पंचगंगेचे पाणी प्यालेला माणूस रस्त्याच्या कडेला झोपेल, वाटेतल्या देवळाची माहिती विचारण्याच्या निमित्ताने थांबेल, प्रसंगी घेरी येऊन पडेल. परंतु चार ओळखीच्या लोकांदेखत हात वर करून गाडीत बसणार नाही.

रंकाळ्यावर पहाटे फिरणाऱ्या आमच्या मंडळींनी बाली बेट सायकलने पालथे घालण्याचे ठरवले, तेव्हा आमची तयारी म्हणजे रविवारी केर्लीवरून पन्हाळा गाठणे आणि चार दरवाजापाशी चहा पिऊन उतरणे, एवढीच होती. ती पुरेशी आहे, असा निर्वाळा आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी दिला होता. “आपण ज्वालामुखीवरच राहतो,” असे ते म्हणाले. “सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातला काळा पाषाण अंबाबाईच्या देवळाला लागला आहे. त्यापुढे बालीचे ज्वालामुखी म्हणजे कालची पोरे!”

सरांचे भूगर्भशास्त्र निर्दोष होते आणि तेच आमच्या मुळावर आले. आपल्याकडचा लाव्हा जमिनीच्या भेगांतून पातळ होऊन वाहिला आणि थरावर थर पसरत गेला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट असतात. एकदा घाट संपला की खरोखरच संपतो, आणि वर कणीस भाजणारा भेटतो. बालीचे ज्वालामुखी मात्र चिकट लाव्हा आणि राख यांचे ढीग साठून उभे राहिलेले शंकू आहेत. त्यांचा उतार पायथ्याशी सौम्य असतो आणि माथ्याकडे अधिकाधिक उभा होत जातो. म्हणजे सकाळी पाय ताजे असताना हा पर्वत सभ्यपणे वागतो आणि दुपारी पोटऱ्या भरून आल्या की आपले खरे रूप दाखवतो.

याहून मोठी फसवणूक बेटाच्या दक्षिण भागात होते. नकाशावर उबुद ते जातिलुविह हे अंतर किरकोळ दिसते. परंतु बालीच्या पर्वतांची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली असून तिच्यावरून दक्षिणेकडे धावणाऱ्या नद्यांनी मऊ राखेच्या थरात खोल घळी कोरलेल्या आहेत. जुने रस्ते त्या घळींमधल्या धारांवरून शहाण्यासारखे उत्तर-दक्षिण जातात. आम्हाला मात्र पश्चिमेला जायचे होते. त्यामुळे प्रत्येक घळीत सुसाट उतरायचे, तळाच्या पुलावर क्षणभर जिवंत असल्याचा आनंद मानायचा आणि पलीकडच्या भिंतीवर चढायचे, असा क्रम दिवसभर चालला. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ-साडेआठ अंशांवर असल्यामुळे घाम वाळण्याची प्रथा तेथे नाही. तो अंगावरच मुक्कामाला राहतो.

अशा परिस्थितीत ती गाडी मागे असते. तिचा आवाज कानावर पडत राहतो. चालक दयाळू होता. आपल्याला दम लागला आहे हे तो आपल्याआधी ओळखायचा आणि खिडकीतून नुसता पाहायचा. गाडीत न बसता थांबायचे कसे, या प्रश्नावर आमच्यातल्या प्रत्येकाने आपापल्या पिंडाप्रमाणे तोड काढली. उद्यमनगरात फौंड्री असलेले आमचे स्नेही दर चढाच्या मध्यावर सायकलवरून उतरत आणि साखळीला कान लावून बसत. गिअरमध्ये काहीतरी बोलते आहे, असे त्यांचे म्हणणे असे. सर दगड उचलून त्याचे निरीक्षण करीत, आणि ते निरीक्षण श्वास पूर्ववत होईपर्यंत संपत नसे. मी छायाचित्रे काढली; त्यांतली बरीचशी भाताच्या एकाच खाचराची आहेत. गुळाचे व्यापारी असलेल्या अण्णांना तर चालकाने एकदा दार उघडून बोलावलेच, तेव्हा ते मराठीतच कडाडले, “आमचं काय पाय मोडल्यात व्हय?” चालकाला शब्द कळले नसावेत, पण दार बंद झाले.

या सगळ्या काळात सौभाग्यवती पुढच्या वळणावर सावलीत उभ्या असत. नावनोंदणीच्या वेळीच त्यांनी बॅटरीची सायकल मागून घेतली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर घामाचा थेंब पाहिल्याचे मला स्मरत नाही. “हळू या, घाई नाही,” हे वाक्य त्या ज्या आपुलकीने उच्चारत, तिला तोड नाही.

बालीच्या देवांनी मात्र आम्हाला सांभाळून घेतले, हे मान्य केले पाहिजे. तेथे देवळांची संख्या अफाट, आणि पुष्कळ देवळांचा उत्सव 210 दिवसांच्या त्यांच्या पंचांगानुसार येत असल्यामुळे कोठे ना कोठे मिरवणूक निघालेलीच असते. पांढऱ्या पोशाखातली माणसे आणि डोक्यावर फळांचे मनोरे घेतलेल्या स्त्रिया दिसल्या की वाहतूक थांबते. इतका निर्व्याज भक्तिभाव आमच्या मंडळींच्या मुखावर मी जोतिबाच्या यात्रेतही पाहिलेला नाही. मार्गदर्शकाने ‘न्येपी’ या त्यांच्या नववर्षदिनाविषयी सांगितले, की त्या दिवशी रस्त्यावर कोणीच येत नाही आणि विमानतळसुद्धा बंद असतो, तेव्हा अण्णांनी तो दिवस उद्या येण्यासारखा आहे काय, अशी चौकशी केली.

जातिलुविहची भातशेती पाहून मात्र सगळेच खरोखर गप्प झाले. डोंगराच्या उताराला बांध घालून केलेली ती खाचरे आणि त्यांना पाणी वाटून देणारी ‘सुबाक’ ही शेतकऱ्यांची व्यवस्था शतकानुशतके चालू आहे. 2012 साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. पाण्याच्या पाळ्या देवळाच्या साक्षीने ठरतात. अण्णांनी आपल्याकडच्या ऊसपट्ट्यातल्या पाण्याच्या भांडणांचा विषय काढला आणि ती चर्चा एवढी रंगली, की चढाची वेळ टळून गेली. तो बहुधा त्यांचा हेतूच होता.

बेदुगुलचा बाराशे मीटरचा माथा ओलांडून उत्तर किनाऱ्यावर उतरलो, काळ्या वाळूवर पाय पसरून बसलो. तेथून कुबुतांबाहान या गावाहून बातूर ज्वालामुखीभोवतीच्या कड्याच्या धारेवर वसलेल्या किंतामनीला चढायचे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर. पन्हाळ्याचा डोंगर पायथ्यापासून जेमतेम चारशे भरतो, हे सरांनी आदल्या रात्री सांगितले नसते तर झोप बरी लागली असती. बाकीचे पर्यटक मोटारीने किंतामनीला जातात, तेथे सायकली घेतात आणि उबुदकडे उतरत जातात, ही माहितीही त्याच रात्री मिळाली.

चढताना बोलणे बंद पडले. संत्र्याच्या बागा गेल्या, धुके आले. मार्गदर्शक धीर देण्यासाठी माहिती सांगत होता, की 1926 साली बातूर ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तळ्याकाठचे बातूर गाव लाव्ह्याखाली गेले आणि गावकऱ्यांनी आपले उलुन दानू मंदिर वर कड्याच्या धारेवर नव्याने उभारले. फौंड्रीवाल्यांनी हे ऐकून घेतले आणि धापा टाकत विचारले, “किनाऱ्याला का नाही बांधले?”

धार हाकेच्या अंतरावर आली असताना मागून क्लचप्लेट जळल्याचा वास आला. फौंड्रीवाल्यांनी तो सर्वांआधी ओळखला. दिवसभर आमच्या पायांच्या गतीने पहिल्या गिअरमध्ये चालवलेली ती गाडी अखेर रस्त्याच्या मधोमध थांबली होती आणि तिच्यामागे मालमोटारींची रांग लागू लागली होती. आम्ही सायकली गवतात टाकल्या आणि खांदे लावले. फौंड्रीवाल्यांच्या अंगात कुठून बळ आले कोण जाणे. ते मराठीत हुकूम सोडत होते, चालक बाली भाषेत होकार देत होता, आणि गाडी इंचाइंचाने वर सरकत होती. पुढे सपाटीवर सौभाग्यवती मोबाइल घेऊन सज्ज होत्या.

ते छायाचित्र आम्ही परतण्यापूर्वीच रंकाळ्याच्या मंडळींत फिरले. त्यात धुके आहे, डावीकडे बातूरचा शंकू आहे, मध्यभागी गाडी आहे आणि तिला टेकलेले आम्ही आहोत. सायकल एकही दिसत नाही. आता रोज सकाळी कोणीतरी विचारतोच, की बालीला गाड्या ढकलायला माणूस मिळत नाही काय.