पाणचक्की एवढी गोड नव्हती हो!

जुन्या पाणचक्कीचा फोटो कुणी टाकला की खाली 'किती शांत!' ही कमेंट ठरलेली. शांत? चालू चक्कीत शेजारच्याशी ओरडून बोलावं लागायचं. लाकडी दात्यांची चाकं करकरतायत, दळणाऱ्या दगडांच्या, म्हणजे तळ्यांच्या, तोंडात दाणे सोडणारी दांडी खडखडतेय, आणि दाणे संपत आले की घंटा. ती घंटा शोभेची नव्हती बरं का. तळ्या रिकाम्या फिरल्या तर दगडावर दगड घासतो, ठिणगी उडते आणि हवेतली पिठाची धूळ पेट घेऊ शकते.

पण माझी खरी तक्रार वेगळीच आहे. माहितीफलकावर चाकाचा व्यास असतो, चक्की कुणाची आणि दळण कुणाचं हे नसतं. इंग्लंडच्या १०८६ च्या 'डूम्सडे' नोंदवहीत सुमारे ६,००० चक्क्या आहेत. कौतुक म्हणून नाही, वसुलीसाठी. बांध जमीनदाराचा, पाणी त्याचं, म्हणून बऱ्याच ठिकाणी रयतेनं त्याच्याच चक्कीवर यायचं आणि दळणातला वाटा तिथेच ठेवून जायचं. घरच्या जात्यावर दळणं म्हणजे गुन्हा!

इंग्लंडमधल्याच सेंट ऑल्बन्स गावच्या मठाधिपतीनं तर लोकांची दळायची जाती जप्त केली आणि ते दगड मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवले. रोज त्यावरून चालायचं. १३८१ च्या उठावात लोक आत घुसले, ती फरशी उखडली, दगड फोडले आणि तुकडे प्रसादासारखे वाटून घरी नेले. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं गेली होती. तरी आजीचं जातं कुणी विसरलं नव्हतं.

यंत्राला माझा नमस्कारच आहे. मनगटं मोडणारं काम ओढ्यानं उचललं, ही काय लहान गोष्ट झाली? आणि चक्कीवाल्याची कारागिरी! वरची तळी खालचीला टेकू द्यायची नाही, पण कडेला फट अगदी कागदाएवढी. पीठ अंगठा आणि बोटात चोळून कळायचं की तळ्यांना टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं खाचा पुन्हा धारदार करायची, वेळ झाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोलादी रोलर आले आणि ही बोटं बेकार झाली.

आता त्याच चक्क्यांची डागडुजी होते. चाक रंगवतात, काही ठिकाणी विजेच्या मोटरवर फिरवतात. मी मात्र गेलो की आधी पाट शोधतो. पाणी कुठून वळवलं, पाणी सोडायचं दार कुणाच्या हद्दीत होतं, ते तिथे कळतं. बऱ्याचदा तो बुजवून वर पार्किंग केलेलं असतं.